आपाची डावरी गाठ

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी हसण्यासाठी वाचते. दुपारच्या चहाला आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवते आणि पुढचं वाक्य आम्ही दोघं आधीच ओळखतो — आता कुत्रं रडणार, आता लाईट जाणार, आता पांढऱ्या साडीतली बाई पत्ता विचारणार. इतक्या वर्षांत एका भुताला धड रंगीत साडी मिळाली नाही. लिहिणारे बघावेत तर कोण इंजिनियर, कोण बँकेत मॅनेजर. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं मी वाचून आणि लोकांचं डोकं खाऊन शिकले. त्यामुळे शिकलेल्या माणसाने पैंजणाचा आवाज ऐकला की माझं डोकं जास्तच फिरतं.

आणि आता मीच लिहायला बसलेय. हसा खुशाल. फक्त एवढं लक्षात ठेवा की माझ्या गोष्टीत अंधार नाही, स्मशान नाही, आणि बाई आहे तिने उभ्या जन्मात पांढरी साडी नेसली नाही. जे झालं ते सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात, माझ्या हातात पाण्याचा पाईप असताना झालं.

आम्ही राहतो नाशिकला, इंदिरानगरच्या बाजूला. तिसरा मजला, आणि वरची गच्ची आमच्या फ्लॅटलाच जोडलेली आहे. जिना आमच्या स्वयंपाकघरातून वर जातो. दुसरा रस्ता नाही, शेजारची बिल्डिंग चांगली वीस-पंचवीस फूट लांब. दाराला आतून कडी, वर कुलूप, कारण माकडं येतात. किल्ली माझ्या कमरेला. हे अंबडच्या कंपनीतून रिटायर झाले तेव्हा गुडघेही तिथेच ठेवून आले, ते जिना चढत नाहीत. म्हणजे गच्चीवर जाणारं माणूस एकच — मी.

गच्चीवर जास्वंदी आहेत. गणपतीला वाहतात ती लाल नव्हे हो... ताटाएवढ्या फुलांची, दोन-दोन तीन-तीन रंगांची. आमचा एक ग्रुप आहे नाशिकचा, जास्वंद वेड्यांचा. पन्नासेक माणसं. त्यात खरे वेडे चार-पाच, बाकीचे फोटोवाले. फूल उमललं की आधी स्वतः शेजारी उभं राहून फोटो, मग झाडाला पाणी. अध्यक्षाबाई तर रोज सकाळी ग्रुपवर फुलाबरोबर एक सुविचार टाकतात. फुलाने कोणाचं काय वाकडं केलं होतं, मला कळत नाही.

या ग्रुपमध्ये मला जमीला आपा मिळाली.

मिळाली म्हणजे, चोरी करताना मिळाली. फुलांचं प्रदर्शन होतं. एका कुंडीसमोर एक उंच, हाडकुळी बाई उभी, डोक्यावरून ओढणी, हातात स्टीलचा डबा. माझ्यासमोर तिने नखाने एक फांदी खुडली आणि डब्यात टाकली. मी बघतच राहिले. ती शांतपणे म्हणाली, "देखती क्या है? आडोसा दे. अजून एक घ्यायची आहे."

मी आडोसा दिला. झाडवाल्या बायकांना माहीत आहे, मागून आणलेली फांदी रुसते, चोरून आणलेली लागते. नंतर डब्यातली एक फांदी तिने मला दिली आणि वर म्हणाली, "थँक्यू बोलू नको, मरेल."

आपा मूळची मालेगावची, लग्न होऊन इथे नाशकातल्या वडाळ्याला आली. नवरा लवकर गेला, ब्लाउज शिवून तिने मुलगी वाढवली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि जिभेने दहा. ग्रुपातल्या कोणालाही ती मोजत नसे. अध्यक्षाबाईंनी एकदा नवीन फुलाचं कौतुक करायला सांगितलं तर म्हणाली, "अच्छा है, मैय्यतीला चालेल." पण कोणाच्या झाडाला कीड लागली की शिवण टाकून, रिक्षा करून जाणार, ब्रशने एकेक पान धुणार, वर त्याच माणसाला शिव्या घालणार. आमची मैत्री ही अशी, दुसऱ्यांना नावं ठेवण्यावर उभी होती. लोक म्हणतात सत्संगाने मन हलकं होतं. आम्हाला कुचाळक्यांनी व्हायचं.

आता थोडं झाडाचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवीन रंगाची जास्वंद हवी असेल तर एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकाला, तिथे पाच मखमली ठिपके असतात, त्यांना लावायचे. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून हे काम त्याच सकाळी. लागलं तर फूल गळतं आणि देठावर हिरवं बोंड धरतं. दीड-दोन महिन्यांनी ते पिकून तडकतं, आत बिया. कोणतं बोंड कोणाचं हे कळावं म्हणून देठाला खूण बांधतात. मी लोकरीचा तुकडा बांधते. अध्यक्षाबाई छापील लेबल लावतात. आपा काजाचा जाड काळा धागा दुहेरी घ्यायची, तीन वेढे आणि वर एक गाठ. ती डावरी होती. त्यामुळे तिचे वेढे उलटे जायचे आणि गाठ अशी बसायची की मागून बघितली तर एक छोटा कोन दिसतो. मी शंभर वेळा शिकायचा प्रयत्न केला. "तेरे हाथ में अक्ल नहीं है, सुमन," एवढंच सर्टिफिकेट मिळालं.

तिला एक रंग हवा होता. वांग्याच्या फुलाचा जांभळा, आणि त्याला नारिंगी कड. तिच्याकडे एक जांभळट जास्वंद होती, तिची फांदी ती कोणालाही देत नसे, मलासुद्धा नाही. आणि माझ्याकडे एक नारिंगी. माझी नारिंगी चार वर्षं कुठलाही क्रॉस धरत नव्हती. मी म्हणायचे, वांझ आहे. आपा म्हणायची, "वांझ नाही, नकचढी है. तुझ्यासारखी."

शेवटच्या हिवाळ्यात ती डब्यात ओल्या कापसात फूल घेऊन आली, धापा टाकत तीन जिने चढली, पराग लावले, धागा बांधला. आणि त्या नकचढीने धरलं की हो. आठवड्याने वाटाण्याएवढं बोंड. मी लगेच आपाला फोन केला. ती म्हणाली, "हात मत लगाना."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती दवाखान्यात गेली. किडनी.

आता माझी लायकी सांगते.

आमच्या ग्रुपात हिवाळ्यात गच्चीभेट असते. दर रविवारी एकाच्या गच्चीवर सगळे जातात. आपा आणि मी त्याला मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणायचो — पोहे खायचे आणि हळूच पानं उलटून कीड शोधायची. त्या वर्षी माझी पाळी होती. आपा दवाखान्यात, तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही. उलट मला वाटलं, अध्यक्षाबाई येणार, दाखवूच यांना. ज्यांना मी वर्षभर तोंड भरून नावं ठेवत होते त्यांच्यापुढे मिरवायची मला हौस आली. शनिवारी सकाळपासून गच्ची धुतली, कुंड्यांना गेरू लावला, आणि सगळ्या झाडांवरची सुकलेली फुलं, गळके देठ, पिवळी पानं खुडायला बसले. हात सराईत असतो ना, बघत नाही. कटकट खुडत गेले. कचरा सुपलीत भरला तेव्हा त्यात काळा धागा दिसला.

बोंड हिरवं होतं, पुरतं भरलंही नव्हतं. फोडून बघितलं. आत पांढऱ्या, पाणचट बिया. काही उपयोग नाही. चार वर्षांची वाट आणि तिचे ते तीन जिने, मी सुपलीत भरले होते. आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षाबाई म्हणाल्या, "किती नीटनेटकं ठेवता हो तुम्ही." मी थँक्यू म्हणाले.

दवाखान्यात चार ते पाच भेटायची वेळ. आपा दुसरं काही विचारायचीच नाही. मी स्टूल ओढलं की, "बोंड?"

"फुगतंय," मी म्हणायचे.

रोज. अकरा दिवस. सांगायचं ठरवून जायचे आणि तिच्या हाताला लावलेली नळी बघून गप्प बसायचे. बाराव्या दिवशी सकाळी तिच्या मुलीचा, शाहीनचा, फोन आला.

ग्रुपवर काय उत्साह हो... मेणबत्त्या, हात जोडलेली चित्रं, "आपा आपल्यातच आहेत". ज्यांना तिने हयातीत मैय्यतीची फुलं म्हटलं ते सगळे तिची शेवटची आठवण लिहायला पुढे. एकीच्या कुंडीवर फुलपाखरू बसलं, तर तिने फोटो टाकला — "आपा भेटून गेल्या." मी लिहिलं, आपा असती तर आधी त्याची अंडी शोधून चिरडली असती. मला एक आठवडा ग्रुपमधून काढलं होतं.

त्या उन्हाळ्यात आपाची जांभळी जास्वंदही वाळली. शाहीन दिवसभर मशीनवर, तिला जमलं नाही. मी आणते म्हणेपर्यंत काडी झाली होती. माझ्या माहितीत तो रंग नाशकात दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

त्याच वर्षीचा डिसेंबर. आपाला जाऊन दहा-अकरा महिने झालेले. सकाळी कुलूप उघडून वर गेले, नळ सोडला, पाईप घेऊन वळले. नारिंगीला त्या दिवशी एकच फूल उमललं होतं, भिंतीच्या बाजूचं. पाणी घालताना फूल हललं, आणि देठावर काळं काही दिसलं. मला मुंगळा वाटला. झटकायला गेले तर तो धागा.

पाईप खाली पडला, चपला भिजल्या, ते मला नंतर कळलं. चष्मा पुसला. दुहेरी धागा. तीन वेढे, उलटे. मागून बघितलं... छोटा कोन. फुलाच्या टोकाचे पाचही ठिपके परागाने भरलेले, एकही चुकलेला नाही. आदल्या संध्याकाळी मी ती कळी बघितली होती, बंद होती, देठ मोकळा होता. तो देठच नवा, गेल्या वर्षीचा धागा राहिला म्हणायची सोय नाही.

मी ओरडले वगैरे नाही. खाली येऊन ह्यांना विचारलं, "तुम्ही वर गेला होतात?"

"मी?" हे म्हणाले. "मला संडासला जायचं तर तू आधार देतेस."

"मग धागा कोणी बांधला?"

"कसला धागा?"

"आपाचा."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "बीपीची गोळी घेतलीस?"

घेतली होती. गोळीने गाठ सुटली नाही, मी दुपारी पुन्हा बघून आले. फूल संध्याकाळी मिटलं, दोन दिवसांनी गळलं, आणि देठ हिरवाच राहिला. बोंड धरलं.

मला आधी वाटलं, ग्रुपमधल्या कोणीतरी थट्टा केली. मग विचार केला, या लोकांना स्वतःच्या झाडाला वेळेवर खत घालता येत नाही, हे तीन मजले हवेतून येऊन माझ्या फुलाला पराग लावणार? मग वाटलं, मीच झोपेत केलं असेल. काजाचा धागा आणला आणि बसले. उजव्या हाताने केलं, डाव्या हाताने केलं, आरशात बघून केलं. तो कोन काही येईना. ग्रुपात एक रिटायर्ड प्राध्यापक आहेत वनस्पतिशास्त्राचे, त्यांना नुसता धाग्याचा फोटो दाखवला. ते म्हणाले, शिंपी पक्षी घरट्यासाठी धागे नेतो, त्याचं काम असेल. मी म्हटलं, सर, दुहेरी धागा घेतो का तो? त्यांनी विषय बदलला. शिकलेला माणूस हरला की विषय बदलतो, हे मी आयुष्यभर बघत आलेय.

या वेळी मी गच्ची झाडली नाही. दीड महिना पानं तशीच पडून राहिली. फेब्रुवारीत बोंड तपकिरी झालं, तडकलं, आत सात बिया. देठ धाग्यासकट कापला, कागदात गुंडाळला आणि वडाळ्याला गेले.

शाहीन मशीनवर बसली होती. मी कागद तिच्यापुढे उघडला. तिने देठ उचलला, उलटा करून बघितला, आणि पायाचं मशीन थांबवलं.

"खाला, ही तर अम्मीची गाठ आहे. जुनी ठेवली होती तुम्ही?"

"जुनी नाही. डिसेंबरची."

सगळं सांगितलं. आणि ते सांगायचं तर मागचंही सांगावं लागणार होतं. तिथे मी अडकले. ही पोर मला खाला, म्हणजे मावशी, म्हणते, ईदला आधी माझा डबा काढून ठेवते. तिच्या आईची शेवटची गोष्ट मी केरात टाकली आणि अकरा दिवस तिच्या उशाशी बसून खोटं बोलले, हे कोणत्या तोंडाने सांगू? पण बोलले. गच्ची, सुपली, अध्यक्षाबाई, थँक्यू, सगळं.

शाहीनने देठ टेबलावर ठेवला. "अम्मीला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बोंड गेलं ते. तुम्ही पहिल्यांदा 'फुगतंय' बोलून गेल्या ना, त्याच दिवशी मला म्हणाली — सुमनने तोड दिया. उसकी शकल देख."

"मग मला बोलली का नाही?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाली, बोलू नकोस, बिचारी रोज नवीन माप घेऊन येते." शाहीन हसायला लागली होती. "आठवतं का खाला? आधी तुम्ही बोंडाचं बोर केलं. मग सुपारी. शेवटी लिंबू केलं त्याचं. तुम्ही गेल्यावर अम्मीला हसून हसून ठसका लागला, नर्स धावत आली. म्हणाली, दो दिन और जी गई तो ये तरबूज लाएगी."

जास्वंदीचं बोंड सुपारीच्या पुढे जातच नाही. नाशकात हे जिला सगळ्यांत जास्त माहीत, तिला मी लिंबू सांगून आले होते. मी तिथे कपड्यांच्या ढिगावर बसून रडले, आणि मधेच मलाही हसू फुटलं, ते जास्त वाईट.

शाहीनने पाणी दिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्यात असं मानत नाहीत खाला. गेलेलं माणूस गेलं."

"आमच्या घरातही मानत नाहीत."

"मग हे काय आहे?"

"मला विचारू नको. चहा टाक."

तिने चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत धागा घेऊन गाठ मारायचा प्रयत्न करत बसली. बारा वर्षांची असल्यापासून ती आईच्या हाताखाली शिवते. तिलाही आली नाही.

सात बियांपैकी दोन उगवल्या. एक रोप गोगलगाईने खाल्लं. दुसरं दीड वर्ष वाढलं आणि यंदा दिवाळीनंतर त्याला पहिली कळी आली. शाहीनला आदल्या दिवशी मुक्कामाला बोलावलं, सकाळी दोघी वर गेलो. हे खालून ओरडत होते, "रंग कोणता? अगं, रंग कोणता?"

गुलाबी. वांग्याच्या फुलाचा नाही, नारिंगी कड नाही. फिकट, पाणी घातलेला गुलाबी, पाकळ्याही विरळ. नर्सरीवाला पण म्हणेल, काकू, हे रस्त्याकडेला लावा. शाहीनने फूल उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "खाला, हे मैय्यतीला पण नाही चालायचं."

कोणाकडून तरी ग्रुपवर बातमी गेलीच. अध्यक्षाबाईंचा फोन आला, त्यांचा आवाज भरून आलेला. फुलाचं 'जमीला' असं नामकरण करू, छोटासा कार्यक्रम ठेवू, आपांच्या आत्म्याला शांती मिळेल. मी म्हटलं, बाई, या फुलाला तिचं नाव दिलंत ना, तर ती खरोखर उठून येईल, आणि तुमच्याकडेच येईल. फोन ठेवला त्यांनी.

तर हे असं आहे. कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे होती, ती गाठ तिच्याशिवाय कोणाला येत नव्हती आणि ती नव्हती. माझ्याकडे याचं उत्तर नाही. कोणाकडे असेल तर जरूर कळवा, पण आधी काजाचा धागा घेऊन बसा आणि मग लिहा. फुलपाखरूवाल्यांनी तसदी घेऊ नये.

असली शंभर रोपं आपाने पापणी न लववता उपटून फेकली असती. मी नाही फेकलं, कोपऱ्यात ठेवलंय, रोज पाणी घालते आणि रोज तेच डोक्यात येतं... गाठ कोणी मारली ते मला कळलेलं नाही. आणि आपाच आली असेल, तीन जिने पुन्हा चढून आली असेल, तर इतक्या भिकार फुलासाठी का आली, हे तर अजिबातच कळलेलं नाही.